फुटबॉल वेगळा काढा: बिग टेनच्या अठरा विद्यापीठप्रमुखांना खुले पत्र

प्रति,
बिग टेन कॉन्फरन्सच्या अठरा विद्यापीठांचे अध्यक्ष आणि चान्सलर

स. न. वि. वि.

आपल्या अठरांपैकी एकाही विद्यापीठाची पदवी माझ्याकडे नाही. मी कॉर्व्हॅलिसच्या ओरेगन स्टेटची. ऑगस्ट २०२३ मध्ये पॅक-१२ कॉन्फरन्स मोडली, तेव्हा कुणीच न उचललेली जी दोन विद्यापीठं मागे उरली त्यांतलं हे एक. दुसरं पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

पत्र मराठीत लिहिण्याला कारण आहे. पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, यूसीएलए, वॉशिंग्टन अशा आपल्या कॅम्पसवर मराठी मुलं शिकतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी पुण्या-नागपुरात शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू असतात. मुलगी शनिवारी विद्यापीठाच्या रंगाचा टीशर्ट घालून स्टेडियममधला फोटो पाठवते आणि घरच्यांना वाटतं, कॉलेजची मॅच आहे, मुलं खेळतायत, छान आहे. त्या मॅचमागचा व्यवहार त्यांनाही कळावा. आपल्यासाठी भाषांतर करून द्यायला आपल्याच विद्यापीठांत माणसं सापडतील.

या वाचकांसाठी आधी थोडं सांगते. या पत्रात फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले संघ आपापसांत खेळतात, अजिंक्यपद ठरवतात आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकतात. हे गट मुळात नकाशावरून पडले होते. बिग टेन १८९६ ची, शिकागोभोवतालच्या विद्यापीठांची. पॅक-१२ चं मूळ १९१५ साली पोर्टलंडच्या एका हॉटेलात झालेल्या बैठकीत; बर्कली, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आमचं कॉलेज असे चौघे होते. आगगाडीने एकमेकांकडे जाता येईल असे ते शेजारी. आज बिग टेन पॅसिफिकपासून अटलांटिकपर्यंत पसरली आहे, आणि नावातच अटलांटिक किनारा असलेल्या एसीसीमध्ये कॅलिफोर्नियातली बर्कली आणि स्टॅनफर्ड आहेत. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीच्या रटगर्सला खेळायला जायचं तर जवळजवळ ३,९०० किलोमीटरचा विमानप्रवास. कन्याकुमारी ते श्रीनगर हे सरळ रेषेतलं अंतर त्याहून हजारेक किलोमीटरने कमी भरतं. अशा प्रवासाहून परतून सोमवारी सकाळी रसायनशास्त्राच्या तासाला बसायचं.

हे कसं झालं याची एक सोपी गोष्ट लोक सांगतात: टीव्हीचा पैसा आला आणि सगळं बिघडलं. पैसा आधीही होता. फरक पडला तो विकायचा अधिकार कोणाच्या हातात आहे यात, आणि ते घडलं १९८४ साली. त्याआधी फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही मध्यवर्ती संस्था सांभाळत असे. एका संघाने दोन वर्षांत फार तर सहा वेळा टीव्हीवर दिसायचं, असा नियम होता. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांना तो जाचक वाटला आणि ती कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की ही बाजारातली मक्तेदारी आहे, बेकायदा आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः एके काळी कोलोराडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. अख्ख्या पीठात या खेळातला खरा जाणकार कोण, असं विचारलं असतं तर बोट त्यांच्याकडेच गेलं असतं.

कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकीचा होता असं म्हणण्याचा माझा अधिकार नाही. त्याचे परिणाम मात्र मोजता येतात. सगळेच विकायला बसल्यावर पहिली काही वर्षं सामन्याचा भाव उतरला. मग प्रत्येकाच्या लक्षात आलं की भाव चढवायचा तर मोठे संघ आपल्या गटात ओढले पाहिजेत. १९९१ पासून नोत्र दाम विद्यापीठाने एकट्याने एनबीसी वाहिनीशी संसार थाटला. पेन स्टेट बिग टेनमध्ये आलं. टेक्सासभोवतालची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ मध्ये संपली. व्यावसायिक लीगना १९६१ च्या कायद्याने हक्क एकत्र विकण्याची मुभा आहे, म्हणून एनएफएलमध्ये ग्रीन बेसारख्या छोट्या गावाच्या संघालाही राष्ट्रीय करारातला सारखाच वाटा मिळतो. आपल्याकडच्या वाचकांना आयपीएल ठाऊक आहे: बीसीसीआय एकटी विकते, आणि २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले. एकच विकणारा असेल तर पैशाची वाटणी भांडून का होईना, एका टेबलावर होते. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये तसं टेबलच नाही. इथे प्रत्येक कॉन्फरन्स वेगळी विकते, आणि म्हणून प्रत्येक कॉन्फरन्स शेजारणीचे सभासद पळवते.

आता आपल्या घरची गोष्ट. ऑगस्ट २००७ मध्ये फॉक्सबरोबर भागीदारीत आपण बिग टेन नेटवर्क काढलं. केबलचं गणित असं होतं की आपल्या राज्यांतल्या घरांकडून वाहिनीसाठी महिन्याला साधारण एक डॉलर मिळे आणि बाहेरच्या राज्यांत काही सेंट. ते घर मॅच बघतं की नाही, याच्याशी त्या डॉलरचा संबंध नव्हता. एखाद्या आजीने आयुष्यात फुटबॉल पाहिला नसेल, पण तिच्या केबलच्या बिलात तो डॉलर असायचाच. मग २०१२ मध्ये आपण मेरीलँड आणि रटगर्स यांना बोलावलं. रटगर्सचा संघ काही विक्रमी नव्हता. पण न्यू जर्सी म्हणजे न्यूयॉर्कची बाजारपेठ, देशातली सगळ्यात मोठी, आणि मेरीलँड म्हणजे राजधानी वॉशिंग्टन. आपण संघ घेतले नाहीत, केबलची घरं घेतली. त्याआधीच २०११ मध्ये नेब्रास्का आलं होतं, आणि कोलोराडो व युटा पॅककडे गेले होते. दुसऱ्या वर्षी टेक्सास ए अँड एम आणि मिझुरी दक्षिणेकडच्या एसईसी या कॉन्फरन्समध्ये गेले. वर्षा-दोन वर्षांत अर्ध्या देशाचा क्रीडा-नकाशा हलला.

गंमत म्हणजे ज्या केबलसाठी हे केलं ती दहा वर्षांत आटू लागली. लोकांनी जोडण्या तोडल्या. न बघणाऱ्या आजीचा डॉलर गेला. आता भाव मिळतो तो खरोखर बघणाऱ्या डोळ्यांना, म्हणजे पंचवीस-तीस लाख लोक ज्यासाठी शनिवारी दुपारी टीव्हीसमोर बसतील अशा जोड्यांना. ओहायो स्टेट विरुद्ध यूएससी. टेक्सास विरुद्ध अलाबामा. म्हणून विस्ताराची दुसरी लाट पहिलीहून निर्दय झाली. पहिल्या लाटेत भूगोल निदान निमित्तापुरता तरी होता. पेन स्टेटच्या पेनसिल्व्हेनिया राज्याची हद्द मेरीलँडला लागते, नेब्रास्काची आयोवाला. दुसऱ्या लाटेत निमित्तही उरलं नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये, टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीत जाणार हे कळल्यावर, बिग टेन, एसीसी आणि पॅक-१२ यांनी एक ‘आघाडी’ जाहीर केली होती. एकमेकांचे सभासद फोडायचे नाहीत, असा तिचा भावार्थ. लेखी करार नव्हता. विश्वास आहे, असं सांगितलं गेलं. दहा महिन्यांनी, ३० जून २०२२ रोजी, पॅक-१२ मधली लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनमध्ये येणार असल्याचं आपण जाहीर केलंत. त्याच ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरहून मोठा करार झाला. फॉक्सकडे आपल्या नेटवर्कचे ६१ टक्के आहेत आणि तोच आपला सगळ्यात मोठा गिऱ्हाईकही आहे. घेणारा आणि घरचा भागीदार एकच असला की विस्ताराची कल्पना नेमकी कोणाच्या डोक्यातून निघाली हे बाहेरच्याला कधीच कळत नाही. आपल्याला कळलं का, हा माझा पहिला प्रश्न.

पॅक-१२ च्या आमच्या बाजूचा दोष मी लपवणार नाही. २०१२ मध्ये आम्ही स्वतःची वाहिनी काढली, भागीदाराशिवाय, शंभर टक्के मालकीची. मोठा स्वाभिमान होता. पण डायरेक्टटीव्ही या उपग्रह-टीव्ही कंपनीशी करार शेवटपर्यंत झालाच नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं भाडं भरत ती वाहिनी देशातल्या लाखो घरांत दिसलीच नाही. २०२२ च्या शरद ऋतूत ईएसपीएनने दर विद्यापीठामागे तीन कोटी डॉलरच्या आसपास बोली लावली आणि आमच्या अध्यक्षांनी पाच कोटी मागितले, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. तेवढ्यात बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्सने पुढे होऊन ईएसपीएन आणि फॉक्सशी आपला सौदा पक्का केला, दर विद्यापीठामागे तीन कोटींहून थोडा वरचा. आमच्यासाठी बाजारात उरलं काय, तर ॲपल. मूळ रक्कम अडीच कोटींच्या खाली, वर किती वर्गणीदार मिळतील त्यावर बोनस. १ ऑगस्ट २०२३ ला तो प्रस्ताव अध्यक्षांसमोर आला. कोलोराडो त्याआधीच निघून गेलं होतं. ४ ऑगस्टच्या सकाळी उरलेल्या नऊ जणांनी सह्या करायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन आपल्याकडे आले होते, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे. एकशेआठ वर्षांचा संसार एका शुक्रवारी आटोपला.

ओरेगन आणि वॉशिंग्टन यांना आपण काय दिलंत? पहिल्या वर्षी सुमारे तीन कोटी डॉलर, पुढे दर वर्षी दहा लाखांची वाढ. जुन्या सभासदांच्या जवळजवळ निम्मं. बर्कली आणि स्टॅनफर्ड एसीसीत सात वर्षं ३० टक्के वाट्यावर गेले. डॅलसचं एसएमयू तर नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडून गेलं, नुसतं पंगतीत बसायला मिळावं म्हणून.

कॉर्व्हॅलिसला त्याच वर्षी स्टेडियमचं नूतनीकरण पूर्ण झालं, १६ कोटी डॉलरहून अधिक खर्चून. नव्या खुर्च्या आल्या आणि प्रतिस्पर्धी गेले. पुढची दोन वर्षं आमचे बरेचसे संघ वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये पाहुणे म्हणून खेळले. बेसबॉलच्या संघाला, २००६, २००७ आणि २०१८ चे राष्ट्रीय विजेते आम्ही, कॉन्फरन्सच नव्हती. २०२५ चा हंगाम ते स्वतंत्र म्हणून खेळले, देशभर हिंडले आणि तरी ओमाहाला होणाऱ्या आठ संघांच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. त्याचा मला अभिमान आहे, पण असा अभिमान कुणाच्याही मुलांवर लादू नये.

आपण म्हणाल, पैसा मुलांसाठीच लागतो. मान्य. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या खटल्यातल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ज्यांच्या घामावर हे चाललं त्यांना अखेर वाटा मिळतोय, याचा मला आनंद आहे. तो खूप आधी मिळायला हवा होता. पण मग आणखी एक गोष्ट बघा. रटगर्सला आपल्यात येऊन दशक उलटलं तरी त्यांचा क्रीडा विभाग तुटीतच आहे. यूसीएलएच्या क्रीडा विभागाची साचलेली तूट दहा कोटी डॉलरच्या पुढे गेली होती, ती भरून काढायला ते आपल्याकडे आले, आणि येताना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी त्यांना अट घातली की बर्कलीला वर्षाला एक कोटी डॉलर द्यायचे. एकाच सरकारी विद्यापीठाची दोन आवारं, एकाने दुसऱ्याला पोटगी द्यायची. आणि २०२५ च्या अखेरीस त्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गुंतवणूक विभागाने आपल्या कॉन्फरन्समध्ये सुमारे २.४ अब्ज डॉलर घालायचा प्रस्ताव पुढे आला, बदल्यात सगळ्यांचे हक्क २०४६ पर्यंत बांधून. मिशिगन आणि यूएससी यांनी विरोध केला आणि गाडी थांबली. त्या दोघांचे आभार. मी कधी यूएससीचे आभार मानेन असं वाटलं नव्हतं.

इतका पैसा येऊनही कोणाचं पुरत नाही, याचं कारण कोचच्या पगारात आणि इमारतींत शोधा. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

माझी मागणी एकच आहे. फुटबॉल वेगळा काढा. टीव्हीने विकत घेतलाय तो फुटबॉल, आणि काही प्रमाणात पुरुषांचा बास्केटबॉल. पोहणारी मुलगी, सॉफ्टबॉलची पिचर, टेनिसपटू, फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल खेळणारा मिडफिल्डर, यांनी लॉस एंजेलिसहून मेरीलँडला का जायचं? फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, खास विमानाने जातो, वर्षातून पाच-सहा वेळा. व्हॉलीबॉलचा संघ हंगामात तीसेक सामने खेळतो, त्यांतले बरेच आठवड्याच्या मधल्या दिवशी. नव्या नकाशाचा भार सगळ्यात जास्त त्यांच्यावर पडतो ज्यांच्यासाठी तो नकाशा काढलाच नव्हता.

हे अशक्य आहे असं सांगू नका, कारण आपण ते करताच. नोत्र दामचा फुटबॉल स्वतंत्र आहे, बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत, आणि पुरुषांची आइस हॉकी २०१७ पासून बिग टेनमध्ये. जॉन्स हॉपकिन्सचा पुरुषांचा लॅक्रोस संघ २०१४ पासून आपल्याबरोबर खेळतो. पुढे त्यांचा महिलांचा लॅक्रोस संघही आला. ते विद्यापीठ बाकी कशातच आपलं सभासद नाही. यूसीएलए आणि यूएससी यांचे पुरुष व्हॉलीबॉल आणि वॉटर पोलो हे संघ आजही शेजाऱ्यांबरोबर माउंटन पॅसिफिक स्पोर्ट्स फेडरेशनमध्ये खेळतात, कारण बिग टेनमध्ये ते खेळच नाहीत. खेळागणिक वेगळा गट ही रीत आपल्याच घरात रुळलेली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये यूसीएलएचे तेव्हाचे फुटबॉल कोच चिप केली यांनीच जाहीरपणे सांगितलं की फुटबॉल बाजूला काढावा आणि बाकीच्या खेळांनी आपापल्या भागात खेळावं. फुटबॉलचा कोच हे म्हणतो आणि विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणत नाही, हे थोडं उलटंच झालं.

एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळत नाही. बिग टेनमुळे महिला व्हॉलीबॉलला मोठा प्रेक्षक मिळाला. ऑगस्ट २०२३ मध्ये नेब्रास्काच्या फुटबॉल स्टेडियममध्ये व्हॉलीबॉल बघायला ९२,००३ लोक आले. बिग टेन नेटवर्कला आठवडाभर दाखवायला काहीतरी लागतं, आणि त्या भुकेपोटी ज्या खेळांना कोणी विचारत नव्हतं ते दिसू लागले. त्यामुळे प्रत्येक खेळाच्या संघालाच विचारा. व्हॉलीबॉलच्या मुलींना विस्कॉन्सिन आणि नेब्रास्काविरुद्ध खेळायचं असेल तर त्यांना खेळू द्या. वर्षातून दोन मोठे दौरे ठेवा, बाकी सामने जवळपास. पोहणाऱ्यांना आणि टेनिसवाल्यांना नको असेल तर त्यांना सोडा. ज्यांच्या नावावर टीव्हीचा एक डॉलरही येत नाही त्यांच्या वेळापत्रकावर टीव्हीचा हक्क कशाला?

वैराच्या जुन्या सामन्यांबद्दल थोडक्यात. ओरेगन आणि ओरेगन स्टेट १८९४ पासून खेळतात, वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट १९०० पासून. हे सामने नोव्हेंबरच्या शेवटी, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, पावसात भिजत बघायचे असतात. आता जागा मिळाली तर सप्टेंबरमध्ये उरकले जातात. आपल्या वेळापत्रकात एक कायमची तारीख राखून ठेवायला आपल्याला एक पैसाही पडत नाही.

आपला सध्याचा करार २०२९-३० च्या हंगामाबरोबर संपतो. एसीसीतून बाहेर पडण्याचा दंडही साधारण त्याच सुमारास साडेसात कोटी डॉलरपर्यंत खाली आलेला असेल. म्हणजे पुन्हा एकदा सगळे एकाच वेळी मोकळे होणार आणि फोन वाजू लागणार. बोली सुरू होण्याआधी मला तीन कागद हवे आहेत: २०२२ आणि २०२३ च्या प्रवेशांवर मतदान करताना आपल्यासमोर ठेवलेले बाजारपेठेचे अहवाल, फुटबॉल सोडून प्रत्येक खेळाच्या खेळाडूंनी २०२४ पासून प्रवासात घालवलेले दिवस आणि बुडवलेले तास, आणि सभासद वाढवावेत ही सूचना लेखी स्वरूपात पहिल्यांदा कोणी केली त्याची तारीख. आपल्यांपैकी सोळा सार्वजनिक विद्यापीठं आहेत आणि बहुतेक राज्यांत अशा कागदांची मागणी कायद्याने करता येते. आम्ही काही माजी विद्यार्थी ती करणारच आहोत. आपण आधीच संकेतस्थळावर टाकलेत तर आमचे अर्ज आणि आपल्या वकिलांचे तास दोन्ही वाचतील.

आपली,
ओरेगन स्टेटची एक माजी विद्यार्थिनी
हिल्सबरो, ओरेगन